शेजार बदलला की हाक बदलते: बेडकांच्या आवाजामागचा इतिहास

मृगाचा पहिला जोरदार पाऊस मराठवाड्यात पडतो त्या रात्री गावाबाहेरच्या डबक्यातून जो गलका उठतो, तो एका जातीच्या बेडकांचा नसतो. मोठ्या पिवळ्या बेडकाचा घोगरा ‘डराव’ त्यात असतो. चिखलाच्या कडेला बसलेल्या, पेराएवढ्या चिमुकल्या बेडकाची कर्कश ‘क्रर्र’ असते. खरबरीत अंगाच्या भेकाची लांबत जाणारी ‘कुर्र कुर्र’ असते आणि बाभळीवरून उतरलेल्या झाडबेडकाची तुटक ‘टक टक’ही असते. हे ओरडणारे जवळजवळ सगळे नर. माद्या गप्प असतात, काठाकाठाने येतात, ऐकतात आणि या गोंगाटातून आपल्या जातीचा एक नर शोधून काढतात. काळोख, चिखल आणि एकावर एक चढलेले शेकडो आवाज अशी ती जागा. तिथे चूक झाली तर वर्षभर पोसलेली शेकडो, काही जातींत हजारो, अंडी वाया जाण्याची भीती असते.

दूरच्या नात्यातल्या बेडकांत ही निवड अवघड नाही. शरीर मोठे तर स्वरयंत्र मोठे आणि आवाज खर्जातला. शरीर लहान तर पट्टी चढी. पिवळा बेडूक (होप्लोबॅट्राकस टायगरिनस) आणि पेराएवढा मायक्रोहायला यांची गल्लत कोणतीही मादी करणार नाही. खरी अडचण सख्ख्या-चुलत जातींची असते. अंगकाठी सारखी, रंग सारखा, पाणी तेच, रात्र तीच. अशा दोन जाती एकाच डबक्यात आल्या की त्यांच्या हाकांचे पुढे काय होते? या एका प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि माझ्या मते मराठवाड्यासारख्या कोरडवाहू प्रदेशात तो प्रश्न आज अधिक आस्थेने विचारला पाहिजे.

आवाजावरून बेडूक वेगळे करण्याची नजर आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले १०३ वे सूक्त बेडकांवर आहे. वर्षभर निपचित पडलेले बेडूक पर्जन्याच्या स्पर्शाने बोलू लागतात, असे त्यात म्हटले आहे. त्यापुढची एक ऋचा मला फार महत्त्वाची वाटते. एकाचा आवाज गायीसारखा, दुसऱ्याचा बोकडासारखा. एक ठिपक्यांचा, एक हिरवा. नाव सगळ्यांचे एकच, रूपे मात्र निरनिराळी, आणि बोलताना ते आवाज नाना तऱ्हांनी घडवतात. एका नावाखाली अनेक जीव दडलेले असू शकतात आणि ते आवाजाने वेगळे कळतात, हे निरीक्षण तिथे स्पष्ट आहे. ते वेगळेपण आले कुठून, हा प्रश्न मात्र पुष्कळ नंतरचा.

तो नीट मांडला गेला तो डार्विन आणि वॉलेस या निसर्गनिवडीचा सिद्धांत मांडणाऱ्या दोन शास्त्रज्ञांच्या मतभेदातून. दोन जातींचा संकर झाला की पुष्कळदा वांझ किंवा दुबळी संतती निपजते. ही वांझता निसर्गनिवडीने घडवली असेल का, यावर १८६८ च्या सुमारास दोघांत पत्रांतून बराच वाद झाला. डार्विनला ते पटले नाही. वांझता हा दोन जाती दुरावल्याचा आनुषंगिक परिणाम आहे, असे त्याचे मत. वॉलेसने हेका सोडला नाही. १८८९ च्या आपल्या ग्रंथात त्याने पुन्हा मांडले की संकरातून नुकसान होत असेल, तर परक्या जातीशी जोडी टाळणारे जीव अधिक टिकतील आणि ती टाळाटाळ पिढ्यानपिढ्या पक्की होत जाईल. पुढे थिओडोसियस डोबझान्स्की या फळमाश्यांवर काम करणाऱ्या जनुकशास्त्रज्ञाने १९३७ आणि १९४० मध्ये याच कल्पनेला जनुकांच्या भाषेत बसवले. एकमेकांपासून तुटलेल्या दोन गटांत आधी थोडा फरक पडतो. ते पुन्हा एकत्र आल्यावर संकर तोट्याचा ठरतो आणि मग जोडीदार ओळखण्याच्या खुणा अधिक ठळक होतात. विचार देखणा होता, पण निसर्गात तो घडताना कोणी दाखवला नव्हता.

दाखवण्यासाठी आवाज पकडून ठेवणारे यंत्र हवे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आवाजाचे चित्र कागदावर उमटवणारे यंत्र तयार झाले आणि पाठोपाठ १९५० च्या दशकात खांद्यावरून नेता येतील असे टेपरेकॉर्डर आले. तोपर्यंत बेडकाची हाक म्हणजे ऐकणाऱ्याने अक्षरांत उतरवलेली ‘डराव’ किंवा ‘टर्र’. आता ती मोजता येऊ लागली. पट्टी किती, हाक किती वेळ चालली, एका सेकंदात किती ठोके पडले, हे सगळे कागदावर दिसू लागले. हे ठोके पुढे वारंवार येणार आहेत, म्हणून एवढेच सांगतो की पुष्कळ बेडकांची हाक अखंड सूर नसते. झपाट्याने पडणाऱ्या छोट्या छोट्या ठोक्यांची ती माळ असते, आणि जात ओळखण्याची खूण बहुधा त्या ठोक्यांच्या गतीत असते.

टेक्सास विद्यापीठातले डब्ल्यू. फ्रँक ब्लेअर यांनी १९५५ साली दोन छोट्या, अरुंद तोंडाच्या बेडकांवर निबंध लिहिला. एक जात अमेरिकेच्या पूर्वेकडची, दुसरी पश्चिमेकडची आणि मध्ये दोन्ही एकत्र राहतात असा पट्टा. जिथे दोन्ही एकत्र होत्या तिथे त्यांच्या हाकांतला फरक जास्त होता. जिथे एकेकट्या होत्या तिथे कमी. त्या वेळी या दोन्ही जाती मायक्रोहायला याच प्रजातीकुळात धरल्या जात. आपल्या ज्वारी-सोयाबीनच्या रानात पावसाळ्यात ‘क्रर्र’ करणारा चिमुकला बेडूकही त्याच कुळातला. अमेरिकेतल्या त्या दोघांचे कुळनाम पुढे बदलले, तरी घराणे आजही एकच आहे. या विषयाची पहिली मोठी साक्ष आपल्या डबक्यातल्या बेडकाच्या नातेवाइकांनी दिली, हे मला सांगावेसे वाटते.

पुढच्याच वर्षी ब्राउन आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी या प्रकाराला सर्वसाधारण रूप दिले. शेजारी राहणाऱ्या जवळच्या जातींची लक्षणे एकमेकींपासून दूर सरकतात, मग ती चोच असो, अंगाचा आकार असो किंवा हाक. आणि १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियातून मरे लिटलजॉन यांचे काम आले. आजही या विषयाची कोणतीही चर्चा त्याच्याशिवाय होत नाही. लिटोरिया एविंगी आणि लिटोरिया व्हेरोई हे दोन झाडबेडूक. दोघेही एकेकटे राहतात त्या भागांत त्यांच्या हाका इतक्या सारख्या की कान फसावा. व्हिक्टोरिया प्रांताच्या पूर्वेकडे दोघे एकाच पाण्यावर येतात, आणि तिथे व्हेरोईच्या ठोक्यांची गती चांगलीच वाढलेली सापडली. लिटलजॉन यांनी पुढे जॅस्पर लॉफ्टस-हिल्स या तरुण सहकाऱ्याबरोबर माद्यांसमोर दोन्हीकडच्या हाका लाउडस्पीकरवर वाजवून पाहिल्या. शेजार असलेल्या भागातल्या माद्या आपल्या नराच्या ठोक्यांकडेच वळल्या. हाकेतला फरक निव्वळ योगायोग नव्हता, ऐकणारीला तो कळत होता.

लॉफ्टस-हिल्स नंतर टेक्सासला गेले आणि ब्लेअर यांच्या त्याच दोन बेडकांकडे वळले. १९७४ मध्ये रात्री बेडकांच्या हाका नोंदवत असताना एका वाहनाने त्यांना उडवले आणि वाहनचालक न थांबता निघून गेला. ते जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांनी गोळा केलेल्या नोंदींवरचा निबंध लिटलजॉन यांनी १९९२ मध्ये दोघांच्या नावाने प्रसिद्ध केला. रस्त्याकडेच्या चरात बसून आवाज टिपणाऱ्या माणसांच्या कष्टावर हे शास्त्र उभे आहे, आणि ते कष्ट कधी कधी असे जिवावर बेततात.

दरम्यान शंका वाढल्या होत्या, आणि त्या रास्त होत्या. दोन भागांतल्या हाका वेगळ्या असल्या म्हणजे शेजारामुळेच त्या तशा झाल्या, असे कशावरून? हवामान वेगळे असेल, शरीराचा आकार वेगळा असेल. थंड पाण्यात ठोके संथ पडतात आणि उबदार पाण्यात झपाट्याने. नोंदीबरोबर तापमान नसेल तर तुलना फोल ठरते. शिवाय दोन जाती इतक्या दुरावल्या असतील की संकर होतच नाही, तरीही हाका दूर सरकू शकतात. कारण एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळून हाक बुडते आणि मादीचा वेळ वाया जातो. १९८७ मध्ये रॉजर बटलिन यांनी या दोन वाटा वेगळ्या मोजाव्यात असा आग्रह धरला. एका वाटेत संकर चालू असतो, त्याचा तोटा होतो आणि त्या तोट्यातून फरक वाढतो. दुसरीत संकराचा प्रश्नच उरलेला नसतो, फक्त गोंगाटात ऐकू येण्याची निकड असते. या काटेकोरपणामुळे काही वर्षे या विषयावरचा विश्वासच डळमळला. पण प्रश्न त्यानेच धारदार झाला असे मला वाटते, कारण पुढचे सगळे चांगले काम या शंकांना उत्तर देण्यासाठीच झाले.

त्यातला सर्वांत शिकवणारा दाखला अमेरिकेतल्या करड्या झाडबेडकांचा. हायला व्हर्सिकलर आणि हायला क्रायसोसेलिस हे दोन बेडूक हातात घेतले तर तज्ज्ञालाही ओळखू येत नाहीत. क्रायसोसेलिसची गुणसूत्रे २४, व्हर्सिकलरची बरोबर दुप्पट, ४८. हा गुणसूत्रांचा उलगडा १९७० चा. पण त्याआधीच आवाजावरून दोन जाती असाव्यात हे ओळखले गेले होते. सारख्या तापमानाला क्रायसोसेलिसच्या हाकेतले ठोके साधारण दुप्पट वेगाने पडतात. त्यांचा संकर झालाच तर त्यातून वाढणाऱ्या बेडकांची प्रजा पुढे चालत नाही, म्हणजे चुकीची किंमत पुरेपूर.

मिझुरी विद्यापीठातले कार्ल गेरहार्ट यांनी या दोघांवर काही दशके काम केले. त्यांनी आधी तापमानाची गाठ सोडवली. रात्र गार झाली की नराचे ठोके मंदावतात, तशी गारठलेल्या मादीची आवडही मंद ठोक्यांकडे सरकते. एकाच पाण्यावर, एकाच उबेत बसलेले दोघे बरोबरीने बदलतात, म्हणून गल्लत होत नाही. मग १९९४ मध्ये त्यांनी दाखवले की व्हर्सिकलरच्या शेजारी राहणाऱ्या क्रायसोसेलिसच्या माद्या ठोक्यांच्या गतीबाबत फार काटेकोर असतात. ज्या भागात शेजारी नाही तिथल्या माद्या त्याबाबत सैल. नरांच्या हाकेत मात्र तेवढा फरक नव्हता. शेजाराचा परिणाम शोधायचा तर नराच्या गळ्याबरोबर मादीचा कानही तपासावा लागतो, हे यातून पक्के झाले. केवळ रेकॉर्डिंग जमवून निष्कर्ष काढणाऱ्या प्रत्येकाने हे काम वाचले पाहिजे.

कानाचे स्वतंत्र शास्त्र तोवर तयारच होते. रॉबर्ट कॅप्रानिका यांनी १९६५ च्या प्रबंधात अमेरिकन बुलफ्रॉगचा अभ्यास करून दाखवले की नर प्रत्येक आवाजाला उत्तर देत नाही. आपल्या जातीच्या हाकेत ज्या दोन पट्ट्यांत जोर असतो, त्या दोन्ही एकत्र ऐकू आल्या तरच देतो. बेडकाच्या अंतर्कर्णात आवाज टिपणारी दोन वेगळी इंद्रिये असतात, एक खालच्या पट्ट्यांचे आणि एक वरच्या. ती आपल्या जातीच्या हाकेला जुळलेली असतात, त्यामुळे परका गोंगाट निम्मा-शिम्मा कानातच गाळला जातो. ठोक्यांचा हिशेब त्यापुढे मेंदूत होतो.

अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या कोरस बेडकांवर एमिली लेमन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले काम एक पाऊल पुढचे. स्यूडॅक्रिस कुळातल्या जाती निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या नातेवाइकांबरोबर राहतात. शेजारी बदलला की हाकेचे कोणते अंग बदलेल हेही बदलते, असे त्यांना आढळले. कुठे ठोक्यांची संख्या वाढली, कुठे त्यांची गती. शेजाऱ्याच्या हाकेपासून दूर जाण्याचा जो रस्ता मोकळा असेल तो धरला जातो. आणि हा रस्ता फुकटचा नसतो. ओरडणे हे नर बेडकाच्या आयुष्यातले सर्वांत दमवणारे काम. जास्त ठोक्यांची हाक म्हणजे जास्त शक्ती. शेजारी असलेल्या भागातले नर ही वाढीव किंमत रोज रात्री मोजतात.

यातून एक दूरगामी गोष्ट निघते. एकाच जातीची एक वस्ती ‘क’ शेजाऱ्याबरोबर आणि दुसरी ‘ख’ शेजाऱ्याबरोबर राहिली, तर दोन्ही वस्त्यांच्या हाका वेगवेगळ्या दिशांनी सरकतात. पुरेसा काळ गेला तर त्या वस्त्यांतल्या माद्या एकमेकींकडच्या नरांनाही ओळखेनाशा होऊ शकतात. परक्याला टाळण्यासाठी केलेला बदल आपल्याच माणसांत दुरावा आणतो, आणि कदाचित त्यातूनच नवी जात निघते.

मराठवाड्याच्या वाचकाला सर्वांत जवळची वाटावी अशी गोष्ट मात्र ॲरिझोनाच्या वाळवंटातली आहे. तिथे स्पेडफूट नावाचे बेडूक आहेत. मागच्या पायाला खुरप्यासारखी कड असते, तिने जमीन उकरून ते महिनोन्‌महिने आत राहतात. आपल्या काळ्या रानातही स्फिरोथेका कुळातले बेडूक असेच जमिनीत दडून बसतात. घराणे वेगळे, पण सवय तीच. उन्हाळ्यात दोन-चार मोठे पाऊस पडले की हे स्पेडफूट बाहेर येतात आणि थोडेच दिवस टिकणाऱ्या डबक्यांत अंडी घालतात. पाणी आटायच्या आत डिंभकाचा बेडूक झाला तर जगला, नाहीतर सगळे संपले.

कॅरिन फेनिग यांनी तिथल्या दोन जाती अभ्यासल्या, स्पिया मल्टिप्लिकाटा आणि स्पिया बॉम्बिफ्रॉन्स. मल्टिप्लिकाटाच्या माद्या एकट्याच राहतात तिथे झपाट्याने हाक देणारा नर पसंत करतात, आणि असा नर अंडी फळवण्यातही सरस असतो. पण बॉम्बिफ्रॉन्स शेजारी असेल तिथे झपाट्याची हाक म्हणजे परका नर असण्याची शक्यता. म्हणून तिथल्या माद्या मध्यम गतीच्या नराकडे जातात. उत्तम नर मिळण्यापेक्षा आपल्या जातीचा नर मिळणे त्यांना महत्त्वाचे ठरते. शेजाराची किंमत मादीलाही मोजावी लागते, हे इथे आकड्यांत दिसले.

२००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष तर थक्क करणारा होता. बॉम्बिफ्रॉन्सची मादी पाणी खोल असेल तर आपल्याच जातीचा नर निवडते. पाणी उथळ असले, म्हणजे डबके लवकर आटणार असले, की तिची पसंती परक्या मल्टिप्लिकाटाच्या हाकेकडे झुकते, आणि अंगाने खंगलेल्या मादीत हे जास्त. कारण संकरित डिंभक तिच्या शुद्ध डिंभकांपेक्षा लवकर वाढतात. त्या संकरित पिलांतले नर वांझ निघतात आणि माद्या कमी अंडी देतात, हे खरे. पण आटत्या पाण्यात काहीच न वाचण्यापेक्षा ते बरे. म्हणजे ‘परक्याला टाळा’ हा नियम पाण्याच्या खोलीवर अवलंबून आहे. दुष्काळाचा हिशेब बेडकाच्या मादीच्या कानापर्यंत पोचतो, हे वाचल्यावर मला लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवली. त्या वर्षी माणसांच्या पाण्याची मोजदाद रोज होत होती, डबकी किती दिवस टिकली याची नोंद ठेवावी असे कोणाला सुचण्याची ती वेळ नव्हती.

भारतात या विषयाचा माग घ्यायचा तर आधी नावांचा गुंता ओलांडावा लागतो. शेताच्या बांधावर, भातखाचरात, ओढ्याकाठी दिसणाऱ्या मध्यम आकाराच्या करड्या-तपकिरी बेडकाला दीर्घकाळ दक्षिण आशियाभर एकच नाव होते, लिम्नोकॅरिस. १९१९ मध्ये नेल्सन अनंडेल यांनी सह्याद्री परिसरातल्या अशा बेडकांना ‘सिहाद्रेन्सिस’ हे उपनाव दिले. तीन वर्षांपूर्वी, १९१६ मध्ये, स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे ते पहिले संचालक. त्यापुढची मोठी उडी आवाजाने घेतली. १९७५ मध्ये फ्रेंच अभ्यासक अलँ द्युब्वा यांनी नेपाळमधल्या लिम्नोकॅरिससारख्या दिसणाऱ्या बेडकांत अनेक जुळ्या जाती असल्याचे दाखवले, आणि त्या वेगळ्या ओळखल्या त्या हाकेवरून. २००७ मध्ये कर्नाटकातल्या पश्चिम घाटातून याच गटातल्या चार नव्या जाती जपानी आणि भारतीय अभ्यासकांनी नोंदवल्या. आज आपल्याकडचे हे बेडूक मिनर्व्हेरिया या कुळात गणले जातात. २०१९ मध्ये दक्षिण आशियातल्या मायक्रोहायला कुळाचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात जनुके, शरीररचना आणि आवाज अशा तिन्ही कसोट्या एकत्र लावल्या होत्या. त्याआधी १९९० च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर साध्या, सर्वत्र आढळणाऱ्या बेडकांच्या हाका मोजून ठेवल्या होत्या. धारवाडही दख्खनच्या पठारावरच; ते काम आपल्या जास्त उपयोगाचे आहे.

बाकी लक्ष सगळे सह्याद्रीकडे गेले, आणि त्याला कारणही आहे. तिथे दरवर्षी नव्या जाती सापडतात; २०१७ मध्ये तर एका दमात सात रात्र-बेडूक जाहीर झाले. पण शेजाराचा प्रश्न विचारायला दुर्मीळ जाती लागत नाहीत. लागतात त्या सर्वत्र आढळणाऱ्या, दिसायला सारख्या आणि कुठे एकत्र, कुठे एकट्या राहणाऱ्या जाती. मराठवाड्याचे रान त्यासाठी फार योग्य आहे.

या प्रदेशाचा पाऊसच तसा आहे. पावसाळ्याची सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर, पण किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात ती बरीच जास्त आणि आष्टी-पाटोद्याच्या माळावर बरीच कमी. पूर्वेकडे डबकी आठवडेच्या आठवडे टिकतात. पश्चिमेकडे खंड पडला की आठ-पंधरा दिवसांत तळ दिसतो. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या हातभर खोल भेगा बेडकांचा आसरा होतात, आणि पहिल्या पावसात त्या मिटायच्या आत ते बाहेर येतात. मग एका-दोन रात्रींत सगळ्या जाती एकाच पाण्यावर गर्दी करतात. हंगाम लांब असता तर कोणी आधी, कोणी नंतर असे वाटून घेता आले असते. इथे वेळ वाटून घ्यायची सवडच नाही. एकमेकांपासून वेगळे ऐकू येण्याचा भार सगळा हाकेवर आणि बसण्याच्या जागेवर पडतो. कोणी पाण्यात तरंगत, कोणी काठाच्या गवतात, कोणी बांधावरच्या झुडपात.

त्यातच माणसाने गेल्या पन्नास वर्षांत पाण्याची मांडणी बदलून टाकली. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांतून पाझर तलाव झाले. १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी पूर्ण झाले आणि कालव्यांनी गोदाकाठचा मोठा पट्टा बारमाही ओला केला. २०१४ नंतर जलयुक्त शिवारची खोलीकरणाची कामे, २०१६ पासून मागेल त्याला शेततळे. विहिरी आणि जुन्या बारवांत बारा महिने राहणारा, पाण्यावरून टुणटुण उड्या मारत जाणारा युफ्लिक्टिस हा बेडूक कालवा-तलावांबरोबर अशा डबक्यांच्या शेजारी येऊ शकतो, जिथे पूर्वी पावसाळ्यापुरतेच बेडूक होते. उलट प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले, उभ्या काठाचे शेततळे बेडकाला पाणी दाखवते पण बाहेर यायला वाट देत नाही. खोलीकरण झालेल्या नाल्यात उथळ, गवताळ कड उरत नाही आणि त्या कडेवर बसणाऱ्या जातींची जागा जाते. कोण कोणाच्या शेजारी बसतो हे अशा रीतीने तालुक्या-तालुक्यात नव्याने ठरत आहे.

शेजारात आता यंत्रांचे आवाजही आहेत. मेलबर्न शहरात कर्स्टन पॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की रहदारीच्या घरघरीजवळ राहणारे झाडबेडूक चढ्या पट्टीत ओरडतात. ही जात तीच, लिटलजॉन यांची लिटोरिया एविंगी. एके काळी जिचा आवाज फक्त नातेवाइकाच्या तुलनेत मोजला जात होता, तिला आता मोटारींच्या तुलनेत मोजावे लागते. मराठवाड्यात महामार्गांची रुंदी वाढली आहे, रात्रीच्या विजेवर पाण्याच्या मोटारी चालतात, आणि जूनमध्ये लग्नसराईची शेवटची वाजंत्री पहिल्या पावसाशी गाठ घालते. खर्जातल्या हाका या घरघरीत आधी बुडतात.

हे सगळे तपासणे इथल्या महाविद्यालयांच्या आणि शाळांच्या आवाक्यातले आहे. छत्रपती संभाजीनगरला १९५८ पासून विद्यापीठ आहे, परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ. प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. मोबाइलवर आवाज टिपता येतो आणि आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर तो जागेच्या खुणेसह चढवता येतो. पण एकट्या बेडकाचे सुबक रेकॉर्डिंग या प्रश्नाला पुरत नाही. पाण्याचे तापमान लिहिलेले हवे, नाहीतर ठोक्यांची गती मोजून उपयोग नाही. त्याच रात्री त्याच पाण्यावर आणखी कोणकोण ओरडत होते, ते हवे. पाणी किती खोल होते आणि किती दिवस टिकले, हेही हवे. आणि एकच जात किनवटला कोणाबरोबर बसते आणि आष्टीला कोणाबरोबर, हे दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच कळेल. त्यासाठी साधा थर्मामीटर, मोजपट्टी आणि मृगापासून आर्द्रापर्यंतच्या रात्री पुरतात.